मिसेस डिसा साकारणाऱ्या ललिता पवार

पडद्यावरील कजाग सासू म्हटली की ललिता पवार यांचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांचा तो बारीक झालेला डावा डोळा मात्र रंगभूषेची करामत नव्हती.

नाशिक जिल्ह्यातील येवला येथे १९१६ साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळात बालवयातच चित्रपटांत आल्या व पुढे नायिका झाल्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोराने बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळ्याला कायमचे व्यंग आले. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. नायिकेच्या भूमिका संपल्या. वय अवघे सव्वीस! त्यांनी दैवाला बोल लावला असता, तरी कोणास नवल वाटले नसते. बाईंनी मात्र चरित्रभूमिका पत्करल्या आणि त्याच डोळ्याला अभिनयाचे साधन केले.

१९५९ च्या ‘अनाडी’ चित्रपटातील त्यांची मिसेस डिसा आपणां ख्रिस्ती कुटुंबांना विशेष जवळची वाटावी. ही घरमालकीण भाडेकरू तरुणाला उठता-बसता रागावते, पण माया करते ती पोटच्या पोरासारखी. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. पुढे १९८७ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील त्यांची मंथरा घरोघरी पोहोचली. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वाचकहो, एखाद्या खाष्ट म्हातारीला तिच्या मुद्रेवरून जोखण्यापूर्वी मिसेस डिसा जरूर आठवावी. कठोर मुद्रेआड कोणते दुःख व किती माया दडली आहे, हे वरवर पाहणाऱ्यास कसे कळावे?