पाच सेकंदांचा अखत्यार

कबड्डीच्या नियमावलीत एक कलम असे आहे की, चढाईस गेलेल्या गड्याला त्याची चढाई चालू असेपर्यंत त्याच्याच बाजूच्या कोणी इशारा दिला किंवा सूचना केली, तर त्याबद्दलचा गुण प्रतिपक्षाच्या खात्यावर जमा व्हावा. आणि त्याच नियमावलीत दुसरे कलम असे आहे की, एका बाजूची चढाई संपताच दुसऱ्या बाजूने आपला गडी पाच सेकंदांच्या आत मध्यरेषेपलीकडे रवाना करावा. या दोन कलमांच्या कात्रीत सापडलेला जो इसम मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला असतो, त्याला आपण प्रशिक्षक म्हणतो. चढाई चालू असताना त्याला बोलण्याची मुभा नाही आणि चढाईपूर्वी सल्लामसलत करण्याइतकी सवड नाही. तथापि कोणी जावे आणि काय साधण्यासाठी जावे, या दोन्ही प्रश्नांचा निकाल वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत पुनःपुन्हा लागत असतो, आणि तो बहुधा त्या बाकावरूनच लागतो. प्रेक्षकांची दृष्टी स्वाभाविकपणे चढाईपटूवर खिळलेली असते. ती थोडी बाजूला वळवून नुसत्या त्या बाकाकडे पाहत राहिले, तर खेळाखाली चाललेला एक निराळाच कारभार नजरेस येतो, आणि चांदूर रेल्वेच्या मैदानांवर मी ज्याचे अवलोकन केले तो हाच कारभार होय.

चांदूर रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, १८६७ साली नागपुरास पोहोचलेल्या मुंबईच्या लोहमार्गावर बडनेऱ्याच्या पूर्वेस वसलेले. भोवतालची जमीन कपाशी, तूर आणि सोयाबीन यांची. ही काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कबड्डीचे मैदान करायचे म्हणजे वर दुसरीकडची मऊ माती चाळून अंथरावी लागते, पाणी मारून दाबावी लागते आणि मग फक्कीच्या रेषा आखाव्या लागतात. शेतातील कामाचा रेटा ओसरला की संध्याकाळी अशा मैदानाभोवती दिवे लागतात, ध्वनिक्षेपकावरून गुण पुकारले जातात, आणि शाळकरी पोरांपासून धोतर नेसलेल्या वृद्धांपर्यंत सारे रेषेच्या जवळात जवळ बसू पाहतात. या प्रदेशात खेळाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके केली त्यांत कबड्डीही होती. तेथे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले शिक्षक पुढे गावोगावच्या शाळांत रुजू होत आले, आणि राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरत आला, यांचा परस्परसंबंध नाही असे म्हणवत नाही. मी ज्यांच्या शेजारी बसून सामने पाहिले ते गृहस्थही असेच निवृत्त क्रीडाशिक्षक. मैदानावर त्यांना सारे सर म्हणतात, आणि मीही तसेच म्हणतो.

सरांची पहिली विलक्षण गोष्ट ही की, चढाई चालू असताना ते चढाईकडे अर्धवटच पाहतात. त्यांचे खरे लक्ष बाद झालेल्या गड्यांच्या बैठकीकडे असते. अंतिम रेषेमागे आखलेल्या त्या चौकटीत बाद गडी ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने बसतात, आणि प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की आपला एक गडी त्याच क्रमाने जिवंत होतो. जो आधी गेला तो आधी परततो, त्यात वशिला चालत नाही. आता प्रतिपक्षाचे सहा किंवा सात गडी मैदानात असताना चढाईपटूने मागचा पाय उचलून बोनस रेषा ओलांडली, तर त्याला एक गुण मिळतो खरा, परंतु त्या गुणाने बैठकीतला कोणीही उठत नाही. गुणफलकावर बोनसचा एक आणि स्पर्शाचा एक यांची किंमत सारखीच दिसते. बैठकीच्या हिशेबात मात्र त्यांच्यात एका सबंध गड्याचे अंतर असते. आपला प्रमुख चढाईपटू बैठकीत दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर त्याला परत आणावयास दोन गडी टिपलेच पाहिजेत, आणि तोवर गोळा केलेले बोनस म्हणजे तिजोरीत शिल्लक आणि फौजेत तुटवडा. उलटपक्षी बैठक रिकामी असेल, तर बोनसइतका स्वस्त गुण नाही. याला आणखी दोन बाबी जोडाव्या लागतात : लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, आणि आपले सारे गडी संपले की लोण होऊन प्रतिपक्षाला दोन गुण अधिक. हा सर्व ताळेबंद एका चढाईच्या तीस सेकंदांत सर मनात मांडतात, म्हणूनच पुढच्या पाच सेकंदांत त्यांना विचार करावा लागत नाही, केवळ हुकूम सोडावा लागतो.

आणि हा हुकूम केवढा, तर एका शब्दाचा, किंवा तितकाही नाही. तर्जनी वर झाली तर बोनस. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची बोटे आपटली तर स्पर्श. तळवा जमिनीकडे दाबला तर वेळ काढून परत ये, कारण आघाडी आपली आहे आणि घड्याळही आपल्याच बाजूने चालले आहे. कधी ते एकाचे नाव मोठ्याने पुकारतात आणि डोळ्यांनी दुसऱ्यालाच खुणावतात, कारण पलीकडच्या बाकावरही त्यांच्यासारखाच एक मुरलेला माणूस बसलेला असतो आणि त्याचा बचाव त्या पुकारलेल्या नावाप्रमाणे उभा राहू लागतो. एकदा प्रतिपक्षाचे सातही गडी मैदानात, आपले चार. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आणि बैठकीत सर्वांत आधी बसलेला तो नेमका प्रमुख चढाईपटू. सरांनी हाताची पाठ आपटली आणि उंच, लुकड्या अशा एका पोराला एवढेच म्हटले, "डावा कोपरा." बोनस रेषा उघडी दिसत होती आणि प्रेक्षक बोनस, बोनस म्हणून ओरडत होते. पोरगा निदानरेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे झुकला, तेथला गडी सावधपणे मागे सरला, आणि त्याच क्षणी मधल्या एका गड्याचा हात उतावीळपणे पुढे आला. त्या हाताला बोटे लावून पोरगा वळला आणि मध्यरेषेवर येऊन आडवा झाला. परत येताच त्याने काहीशा अपराधी मुद्रेने बाकाकडे पाहिले. सर म्हणाले, "अरे, मले कोपरा थोडाच पाह्यजे होता! मले गडी उठवाचा होता."

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे रग्बीच्या कुळातील त्यांच्या स्वदेशी खेळात, याच कामाचे जे अवाढव्य रूप झाले आहे त्याची आठवण या ठिकाणी होते. तेथे प्रत्येक डावपेचाआधी अकरा गडी डोकी जुळवून गोल करून उभे राहत आणि पुढचा बेत कुजबुजत ठरवीत. या प्रथेचा मान वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाला दिला जातो, कारण १८९० च्या दशकात तेथील खेळाडूंना आपल्या हस्तखुणा प्रतिपक्षाच्या नजरेपासून लपवावयाच्या होत्या. पुढे काही प्रशिक्षकांना असे दिसून आले की, हे गोल करून उभे राहणेच सोडून दिले तर दमलेल्या बचावाला गडी बदलण्याची उसंत मिळत नाही. मग बेत कळवायचा कसा, तर मैदानाच्या कडेवरून, साऱ्या जगाच्या देखत. चिप केली हे २००९ ते २०१२ या काळात ओरेगॉन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाचे साहाय्यक मोठमोठे फलक उंच धरीत आणि त्यांवरील परस्परांशी संबंध नसलेल्या चित्रांतून खेळाडू आपापला बेत वाचीत. अन्यत्र दोघे-तिघे एकाच वेळी हातवारे करीत, त्यांतला एकच खरा आणि बाकीचे फसवे. खुणा उघड्यावर आल्या की त्यांची चोरीही आलीच. २०२३ साली मिशिगन विद्यापीठाच्या संघावर, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून खुणा टिपून घेतल्याच्या आरोपावरून चौकशी बसली आणि त्यांच्या प्रशिक्षकांना तीन सामने मैदानापासून दूर राहावे लागले. २०२४ पासून वरच्या श्रेणीतील महाविद्यालयांना एका खेळाडूच्या शिरस्त्राणात ध्वनियंत्र बसविण्याची परवानगी मिळाली, परंतु चाळीस सेकंदांच्या मुदतीतील पंधरा सेकंद उरताच तो आवाज बंद होतो.

म्हणजे कुठेतरी आवाज बंद झाला पाहिजे, हे तेथेही मान्यच आहे. भेद आहे तो त्यापूर्वी काय सांगितले जाते यात. फुटबॉलमध्ये कडेवरून येणारा संदेश संपूर्ण बेताचा असतो. कोणी कोणत्या दिशेने किती पावले धावावे इथवरचा तपशील त्या एका चित्रामागे बांधलेला असतो, कारण अकरांपैकी एकानेही स्वतंत्र बुद्धी चालवली तर इतर दहांचा मेळ बिघडतो. कबड्डीत चढाईपटू एकटा जातो, आणि रेषेपलीकडचे सात गडी त्याच्या प्रत्येक पावलागणिक आपली रचना बदलीत असतात. तेथे पावलांचा तपशील आधी सांगणे व्यर्थ, किंबहुना घातक. म्हणून कबड्डीतील शहाणा प्रशिक्षक साध्य सांगतो आणि साधनाची मुखत्यारी गड्याच्या स्वाधीन करतो. रेल्वेचा सिग्नल पुढची वाट मोकळी आहे एवढेच कळवितो, गाडी हाकण्याचे काम चालकाचे, तसाच हा प्रकार. "डावा कोपरा" हे शब्द आज्ञेसारखे उच्चारले गेले असले तरी त्यांचा आशय, कोपऱ्यावर दाब दे म्हणजे कोठेतरी फट पडेल, असा होता. आणि पोराने ती फट हेरली, यातच त्या शब्दाची तामील झाली.

अर्थात एका शब्दात एवढा आशय मावण्यासाठी तो आधी भरून ठेवावा लागतो, आणि ते काम सकाळच्या सरावात होते. तेथे सर तीन चढाईपटूंना ओळीने उभे करतात, एक शब्द उच्चारतात आणि पाच अंक मोजतात. पाचाच्या आत ज्याने रेषा ओलांडली नाही त्याची पाळी गेली. बचावाचेही तसेच. प्रतिपक्षाची चढाई चालू असताना आपल्या गड्यांनी साखळी केव्हा आवळायची हे तेथल्या तेथे कोपऱ्यावरचा कर्णधार ठरवितो. बाकावरून आधी फक्त "येऊ द्या" किंवा "उचला" एवढेच आलेले असते. तिघे किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड साधली तर एक गुण अधिक मिळतो, त्यामुळे अशा वेळी पडता संघही "उचला" ऐकताच सावरून उभा राहतो.

नवख्या प्रशिक्षकाची ओळख या मैदानांवर चटकन पटते : तो सबंध चढाईभर रेषेलगत धावतो, ओरडतो, पंचांची ताकीद खातो, आणि त्याचा चढाईपटू प्रतिपक्षाच्या हद्दीत उभा राहून मागे कान लावतो. प्रत्येक डावात दोनदा मिळणारी तीस सेकंदांची विश्रांतीदेखील हा इसम व्याख्यानात घालवितो. सर त्या तीस सेकंदांतील बहुतेक भाग पाणी पिण्यास आणि श्वास जुळण्यास देतात व शेवटी एकच वाक्य बोलतात. अखेरच्या मिनिटांत दोन गुणांची आघाडी असताना त्यांनी तळवा दाबून वेळ काढण्याची खूण केली, आणि तरीही पोरगा समोर आलेला सोपा स्पर्श घेऊन परतला, तेव्हा मी त्यांना विचारले की, हा हुकूमभंग नव्हे काय. "त्याले तिथं दिसलं ते मले इथून कसं दिसन?" असे म्हणून त्यांनी पुढच्या चढाईसाठी बैठकीकडे नजर वळविली. पण पुढच्या सरावात त्याच पोराला त्यांनी तळव्याची खूण दाखवून वारंवार नुसतेच रिकामे परत आणविले, कारण हुकूम मोडण्याचा अधिकार, त्यांच्या मते, हुकूम पाळता येणाऱ्यालाच असतो.