कोष्टकातील नव्या सोयी व जुने हात

आज बँका, रुग्णालये व सरकारी कचेऱ्या यांतील संगणकांच्या पडद्यावर ओळी व रकाने यांचे एक कोष्टक दिसते. त्यास ‘डेटा ग्रिड’ असे नाव आहे. कार्यक्रम रचणाऱ्यास हे कोष्टक तयार मिळते. त्यात आपली माहिती भरणे एवढेच त्याचे काम उरते. दर नव्या आवृत्तीबरोबर त्यात काही सोयींची भर पडल्याचे जाहीर होते. परंतु या सोयींपैकी कित्येक मुळात नव्या नाहीत. पूर्वी ती माणसांनी करावयाची कामे होती. ती कशी चालत हे समजून घ्यावयाचे तर कोलकात्याकडे पाहणे इष्ट ठरेल.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आवारात भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. १९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीची नमुना-पाहणी त्यांनी हाती घेतली. प्रत्येक शेत मोजणे अशक्य होते. म्हणून थोडी शेते निवडून त्यांवरून सगळ्यांचा अंदाज करावयाचा असे ठरले. पण मोजणारा माणूस शेतावर गेलाच नाही, किंवा जाऊनही चुकला, तर ते कळावे कसे? महालनोबिसांनी यावर साधा उपाय योजला. नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग पाडून ते दोन निरनिराळ्या पथकांकडे सोपवावयाचे आणि त्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडावयाचे. दोन रकान्यांत मोठी तफावत आढळली की कोठेतरी बिघाड आहे हे उघड होई. कोष्टक हे केवळ आकडे ठेवण्याचे कपाट नसून चूक पकडण्याचे साधन आहे, ही जाण या योजनेमागे होती.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरातील माहितीचे ढीग कोलकात्यास येऊ लागले. ही माहिती छिद्रपत्रांवर उतरविली जाई. छिद्रपत्र म्हणजे जाड कागदाचा तुकडा. त्याच्या रूढ प्रकारात ८० रकाने असत आणि कोणत्या जागी भोक आहे त्यावरून अंक ठरे. एका कर्मचाऱ्याने भोके पाडल्यावर दुसरा कर्मचारी तेच अंक पडताळणीच्या यंत्रावर पुन्हा दाबी. दोघांत फरक पडला की यंत्र थांबे. आजच्या ग्रिडमध्ये चुकीचा अंक भरताच घर लाल होते, ते या दुसऱ्या कर्मचाऱ्याचेच काम होय.

पत्रांची वर्गवारी अधिक कष्टाची असे. वर्गीकरण यंत्र एका वेळी एकच रकाना वाची. चार अंकी क्रमांकानुसार पत्रे लावावयाची तर सगळा गठ्ठा चार वेळा यंत्रातून न्यावा लागे: प्रथम एककाच्या रकान्यावर, मग दशकाच्या, असे करीत शेवटी सहस्राच्या. दर फेरीनंतर कप्प्यांतील पत्रे योग्य क्रमाने उचलणे आवश्यक असे. एक कप्पा मागेपुढे झाला की सारे श्रम वाया. आज रकान्याच्या शीर्षकावर बोट टेकविताच ओळी क्रमाने लागतात. त्या एका बोटात किती फेऱ्या सामावल्या आहेत याची कल्पना वापरणाऱ्यास बहुधा नसते.

१९५६ साली संस्थेत एचईसी-२एम हा ब्रिटिश बनावटीचा संगणक सुरू झाला. त्याच्या फिरत्या पिंपावर अवघे १०२४ शब्द मावत. पुढे सोव्हिएत बनावटीचा ‘उराल’ आला. १९६६ साली जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने ‘इसिजू-१’ तयार झाला.

पडद्यावर घरे असलेले कोष्टक मात्र सामान्य माणसाच्या मेजावर पोहोचले ते १९७९ मधील ‘व्हिसिकॅल्क’पासून. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये २००२ साली ‘डेटाग्रिड’ आले व २००५ साली त्याच्या जागी ‘डेटाग्रिडव्ह्यू’ आले. डावीकडचे रकाने जागच्या जागी खिळवून ठेवणे, भरलेला अंक तपासणे, अशा सोयी त्यात होत्या. सर्वांत महत्त्वाची सोय मात्र डोळ्यांस न दिसणारी होती. लाखो ओळी आधीच भरून ठेवण्याऐवजी, एखादे घर पडद्यावर येण्याच्या वेळीच त्यातील अंक मागवावयाचा, अशी ही रीत. लहान पिंपावर मोठा हिशोब बसविणाऱ्यांस हा विचार परका वाटला नसता.

अशी रीत जेथे नसते व ओळींस मर्यादा असते, तेथे काय होते हे २०२० साली इंग्लंडमध्ये दिसून आले. कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या नमुन्यात भरले जात होते. त्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळून पडल्या आणि १५,८४१ रुग्ण वेळीच मोजले गेले नाहीत. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. कोष्टक पाहणाऱ्यास त्यात काही खोट दिसली नव्हती.

यापेक्षाही सूक्ष्म दोष पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखविला होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले की, पीक मोजण्यासाठी अगदी लहान तुकडा कापला तर उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक भरते. कारण सीमेवरची रोपे मोजणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. कोलकात्याचे कल लहान तुकड्यांकडे होते, त्यामुळे हा वाद बराच रंगला. दोन्ही पथकांनी तेवढाच लहान तुकडा कापला, तर दोन्ही रकाने एकमेकांशी उत्तम जुळतात आणि दोन्ही सारखेच चुकतात.