गुरूच्या नावाची पाटी

मे २०२० मध्ये अटलांटाला रवी झॅकरायस यांची स्मरणसभा झाली, तेव्हा श्रद्धांजली वाहायला अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स जातीने हजर होते. झॅकरायस मूळचे आपल्याकडचे. १९४६ साली मद्रासला जन्मले, दिल्लीत वाढले. सतराव्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न करून इस्पितळात पडले असताना योहानाच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय आईने वाचून दाखवला, ही आपल्या श्रद्धेची सुरुवात ते जन्मभर सांगत राहिले. पुढे कॅनडा, मग अमेरिका. देव आहे कशावरून, असं विचारणाऱ्यांना विद्यापीठाविद्यापीठांत जाऊन उत्तरं देणं हे त्यांचं काम. त्यासाठी १९८४ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि तिला नाव दिलं 'रवी झॅकरायस इंटरनॅशनल मिनिस्ट्रीज'. हयात पुढाऱ्याचं नाव साखर कारखान्याला दिलं तरी आपल्याकडे चार माणसं कुजबुजतात. इथे तर सेवा देवाची होती!

सभेला चार महिने झाले नाहीत तोच 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या नियतकालिकात बातमी आली. अटलांटाच्या उपनगरात झॅकरायस यांची भागीदारी असलेल्या मसाज-स्पामधल्या स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले होते. संस्थेने आधी कानांवर हात ठेवले, मग वकिलांची एक फर्म चौकशीला नेमली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या अहवालाने आरोप खरे ठरवले आणि त्यांत भरही घातली. फोनमध्ये मसाज करणाऱ्या दोनशेहून अधिक स्त्रियांचे संपर्क होते, तरुण मुलींची छायाचित्रं होती. एका स्त्रीने बलात्काराचा आरोप केला होता. तिने सांगितलेली एक गोष्ट वाचून मी अहवाल खाली ठेवला. तू तोंड उघडलंस आणि माझं नाव खराब झालं, तर लाखो आत्मे तारणाला मुकतील आणि ते पाप तुझ्या माथी येईल, असं त्याने तिला बजावलं होतं.

धमकी म्हणून हे वाक्य अजब आहे. पैसा नाही, मारहाण नाही, धाक घातला तो लोकांच्या श्रद्धेचा. तो लागू पडला, कारण येशूवरची श्रद्धा या माणसाच्या अब्रूवर उभी आहे, हे सगळ्या अनुयायांनी न बोलता मान्य करून टाकलं होतं. इशारे मिळाले नव्हते असं नाही. केंब्रिजशी असलेला संबंध ते फुगवून सांगतात, हे एक वकील कित्येक वर्षं दाखवून देत होता. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका विवाहितेचं प्रकरण निघालं, ते गुप्ततेच्या करारात गुंडाळलं गेलं. संस्थेने गुरूचा शब्द प्रमाण मानला.

ख्रिस्ती धर्माला हा रोग नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर करिंथ या ग्रीक बंदरात नुकतीच उभी राहिलेली मंडळी गटांत फुटली. कुणी पौलाचा, कुणी केफाचा, कुणी आलेक्सांद्रियाहून आलेल्या फर्ड्या वक्त्याचा, अपुल्लोसाचा. पौल स्वतः त्या भांडणातला एक नायक. तरी त्याने आपल्या गटाचीही खरडपट्टी काढली. एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, पण वाढवणारा देव, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. त्याच पौलाने अंत्युखियात पेत्राला, म्हणजे केफालाच, चारचौघांत सुनावलं होतं. आणि बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहत, म्हणून नव्या करारात त्यांचं कौतुक आहे. प्रेषिताची तपासणी हा अपमान नव्हता. झॅकरायस यांच्या विश्वस्तांनी हे उतारे शेकडो वेळा वाचले असतील.

शिष्यांचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. ज्याच्या शब्दांनी आपल्याला देव भेटला तोच लबाड निघाला, तर भेटही लबाडच का? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मोठी फूट पडली. रोमन छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले होते. अशा भेकडांच्या हातून झालेले विधी बाद, असं दोनातूसच्या अनुयायांचं म्हणणं. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने उलट बाजू घेतली. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा, देणारा कसाही असो. ४११ साली कार्थेजच्या परिषदेत निकाल ऑगस्टीनच्या बाजूने लागला. माझ्या मते तो निवाडा भक्ताला मोठा आधार आहे, पण त्याची ढालही होते. दान खरं, म्हणून दात्याला गादीवर राहू द्या, असं ऑगस्टीन म्हणाला नव्हता. आज 'त्यांच्यामुळे किती लोक तारले गेले' हे वाक्य पीडितेच्या तोंडावर फेकलं जातं, तेव्हा हा फरक गाळलेला असतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा. गुरुभक्ती त्यांना परकी नव्हतीच; गुरूच्या जागी थेट ख्रिस्त हवा, एवढाच आग्रह. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त बसावेत अशी कल्पना होती. नावात टिळक कुठेही नाहीत. पण १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. पाटीवर नाव नसलं तरी भार एकाच माणसावर असू शकतो. त्यांची भजनं मात्र मराठी मंडळ्यांतून अजून म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्या कित्येकांना ती कुणाची हेही ठाऊक नसतं.

अटलांटात पुढे जे झालं ते व्यवहारी होतं. प्रकाशकाने झॅकरायस यांची पुस्तकं मागे घेतली. ब्रिटनमधल्या शाखेने संबंध तोडून नाव बदललं. मुख्य संस्थेने माफी मागितली, मार्च २०२१ मध्ये मोठी नोकरकपात आणि नामांतर जाहीर केलं, आणि यापुढे आपण इतरांना अनुदान देऊ, असं सांगितलं. २०१७ च्या त्या प्रकरणातल्या स्त्रीचीही विश्वस्तांनी नाव घेऊन माफी मागितली. तिला खोटं ठरवण्यात मात्र तीनेक वर्षं गेली होती.