पथ्याचं वेगळं पातेलं

अब्बांना शुगर निघाली त्याला आता १२ वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या गॅसवर एक छोटं पातेलं वेगळं चढायचं. कमी तेलाची भाजी, मोजका भात, बिनसाखरेचा चहा. अम्मीने हे सगळं नेमाने सांभाळलं. बाकी घराचं खाणं होतं तसंच राहिलं.

ते पातेलं सांभाळणारी अम्मी स्वतः काय खाते, हे आम्हा चौघा भावंडांपैकी एकानेही पाहिलं नाही. सगळ्यांची जेवणं उरकली की ती अडीच-तीनला बसायची. उरलेला भात, नातवंडांनी टाकलेले चपातीचे तुकडे, कढईला लागलेला शिरा. अन्न वाया घालवू नये हे खरं, पण म्हणून सगळं उरलंसुरलं एकाच बाईच्या पोटात का जावं? वर दिवसाला पाच-सहा कप गोड चहा. रात्री झोपायला साडेअकरा, फजरला उठणं, आणि मध्ये अब्बा लघवीला उठले की तिलाही जाग.

गेल्या वर्षी मी माहेरी गेले असताना अब्बांना घेऊन आम्ही सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. सकाळची वेळ होती, अम्मीने अजून चहाही घेतला नव्हता. तिथल्या सिस्टरने सहज विचारलं, "चाची, तुमची कधी तपासली?" अम्मी म्हणाली, "मला काय झालंय?" उपाशीपोटी १८६ निघाली. पुन्हा तपासली तरी तेच. उपाशीपोटी १०० ते १२५ हा इशारा असतो, १२६ पासून पुढे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली, ती ८.४ आली. ती ६.५ झाली की मधुमेह धरतात.

डॉक्टरांनी विचारलं, "बाळंतपणात साखर वाढली होती का?" धाकट्याच्या वेळी वाढली होती. बाळंत झाल्यावर गेली, म्हणून सगळे विसरले. धाकटा आता २६ वर्षांचा आहे. अशी गेलेली शुगर पुढे परत येण्याचा धोका मोठा असतो, म्हणून अशा बाईने दर एक ते तीन वर्षांनी तपासून घ्यावं लागतं. अम्मीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिशीनंतर सरकारी केंद्रात शुगर, बी.पी. मोफत तपासतात, हे मलाही तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर प्रश्न पडला, आता दुसरं छोटं पातेलं चढवायचं का? भाभी म्हणाली, "दोन-दोन कशाला, मोठंच बदलू या."

बोलायला सोपं होतं. पहिले दोन महिने रोज कुरकुर. मुलं म्हणायची, आजारी दादा-दादी आणि पथ्य आम्हाला! तरी हळूहळू भाताची जागा ज्वारीच्या भाकरीने घेतली, निम्मं ताट भाजीचं झालं, शुक्रवारचं मटण राहिलं पण रश्श्यावरचा तवंग गेला. शिरखुर्मा ईदला होतो, वाट्या लहान झाल्या. सगळ्यांत अवघड गेलं ते अम्मीला सगळ्यांसोबत जेवायला बसवणं. ती दर घासाला उठायची. शेवटी भाईजान वाढायला लागले, तेव्हा ती बसली.

चालण्याचं नाव काढलं की म्हणायची, "दिवसभर घरात राबते, तो व्यायाम नाही का?" राबणं फुकट जात नाही, पण दम थोडा वाढेल असं सलग चालणं वेगळं. आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगतात. जेवणानंतर चाललं तर पायांचे स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात. आता रात्रीचं जेवण लवकर होतं आणि शेजारच्या खालाबरोबर ती गल्लीतून २० मिनिटं फिरून येते. धाकट्याच्या नोकरीची काळजी ती आम्हाला कधी बोलली नव्हती, खालाला बोलते. काळजी आणि अपुरी झोप दोन्हींनी साखर चढते, हे गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. गोळी मात्र चालूच आहे. कलौंजी म्हणा, कारल्याचा रस म्हणा, घरोघरी सल्ले मिळतात. त्यांच्या भरवशावर गोळी बंद करणारे आमच्याच नात्यात आहेत, म्हणून लिहिते.

रमजानच्या दीड-दोन महिने आधी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. अब्बा इन्सुलिनवर, त्यांना रोजाची मनाई झाली. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने, सूरह बकरात दिलेली आहे. हे अब्बांना ठाऊक होतं, तरी दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. अम्मीच्या गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारनुसार बदलून दिल्या आणि बजावलं, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर कितीही वाजले असोत, रोजा सोडायचा. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक आलिम सांगतात.

अठराव्या रोजाला अस्रनंतर तिचे हात थरथरू लागले. मशीनवर ६४. मगरिबला तासभर उरला होता. ती म्हणाली, "एवढंच तर राहिलंय." अब्बा उठले, स्वयंपाकघरात गेले, बराच वेळ डबे उघडून साखर शोधत राहिले आणि पेल्यात पाणी कालवून घेऊन आले. पेला तिच्या हातात देऊन ती पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले.