टाळू भरताना कळलं

सेलूला मी नातवाची टाळू रोज भरायचे. पाठीवर गाठ घेऊनच तो जन्मला. मणका नीट मिटला नव्हता. तिसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं, जखम छान भरली. सोळाव्या दिवशी मात्र तेलाचं बोट थबकलं. एरवी मऊ, हलकी उडणारी टाळू त्या दिवशी वर आलेली, ताठ. टोपडंही बसेना. बाळाची नजर सारखी खाली जायची.

मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच रक्तात मुरतं. अशा बाळांत त्याची वाट बहुतेकदा आधीच अडलेली असते. पाठ शिवली की पाणी डोक्यात साठतं. ऑपरेशन बिघडलं म्हणून नव्हे, हे सुनेला समजावताना माझाच जीव कासावीस झाला.

मग शंट बसवली: डोक्यातून कानामागून, कातडीखालून पोटात उतरणारी नळी. पोट ते पाणी शोषून घेतं. मधली झडप पाणी उलटं येऊ देत नाही. 1956 साली फिलाडेल्फियात जॉन होल्टर या कारागिराने अशी झडप घडवली, असंच बाळ त्याच्या घरी जन्मलं म्हणून. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरची छाब्रा शंट आपल्याकडे गरिबाला परवडते.

नळी तुंबू शकते. उलट्या, गुंगी, ताप दिसला की वाट पाहायची नाही, गाडी काढायची. दर रविवारी मी शिंप्याच्या टेपने त्याच्या डोक्याचा घेर मोजते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते.