पान खालचं की शेंड्याचं?

आमच्या भैंसा गावात खताच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते पान हातात घेऊनच. कपाशीचं लाल पडलेलं, नाहीतर सोयाबीनचं पिवळं. २०१६ साली आमचा जिल्हा आदिलाबादचा निर्मल झाला, पण माती काळीच राहिली आणि पीकही कापूसच. अलीकडे मात्र काही पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात आणि त्यातलं झाड पाण्याखाली असतं. घरच्या फिश टँकमध्ये त्यांनी वनस्पती लावलेल्या असतात आणि त्या झुरत असतात.

झाड शेतातलं असो की काचेतलं, मी आधी एकच विचारतो, "पान खालचं की शेंड्याचं?"

रंग नंतर. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला देतं, म्हणून दुखणं खालून सुरू होतं. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत, त्यामुळे तिथं शेंडा आधी बिघडतो. कपाशीचा लाल्या आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. मॅग्नेशियम कमी पडल्यावर खालच्या पानांत शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो आणि मग लाल होतो. पाण्यातल्या झाडातही शिरांमधलं हेच पिवळेपण दिसतं. ते खालच्या पानावर असेल तर संशय मॅग्नेशियमवर, कोवळ्या पानावर असेल तर लोहावर. तुटक्या पानाचा जवळून काढलेला फोटो म्हणूनच माझ्या काही कामाचा नाही. झाड अख्खं दिसलं पाहिजे.

परवा एकानं विचारलं, "काका, टाकीतल्या हायग्रोफिलाला अळी लागली का? भोकंच भोकं पडलीत."

"भोकाची कड बघ. पिवळी-काळी आहे का?"

होती, आणि तीही जुन्या पानांवरच. टाचणीच्या टोकाएवढा डाग आधी पिवळा पडतो, मग मधला भाग गळून भोक होतं. ही पालाशच्या कमतरतेची खूण. मासा किंवा गोगलगाय खाते तेव्हा कड ताजी, कुरतडलेली असते. माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून नत्र-स्फुरद बऱ्यापैकी मिळतो, पालाश त्यामानानं थोडा. भरपूर मासे असलेल्या टाकीतही पालाश कमी पडतो तो यामुळेच.

प्रत्येक लाल पान मॅग्नेशियमचं नसतं, हे कापूसवाल्याला सांगावं लागत नाही. तुडतुड्यांनीही पान लाल होतं. टाकीतही असे चकवे आहेत. रोपवाटिकेत बऱ्याच जलवनस्पती पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे टाकीत बुडवल्यावर जुनी पानं कुजणारच. क्रिप्टोकोरिन जागा बदलली की विरघळल्यासारखी होते, पण मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटते. जावा फर्नच्या पानामागचे ओळीतले तपकिरी ठिपके तर बीजाणूंचे असतात आणि लोक त्यावर औषध मागतात!

मग पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर कॅल्शियमची चिंता सहसा नसते, लोहाची असते. स्वस्त ईडीटीए चिलेटमधलं लोह सामू ७ च्या वर गेला की फार काळ टिकत नाही. ईडीडीएचए टिकतं, पण पाणी लालसर करतं. आणि सगळीच वाढ मंद, पानांवर शेवाळ, असं असेल तर खताआधी कर्बवायू आणि दिवा तपासा. दिवा प्रखर आणि कर्बवायू अपुरा, हे नेहमीचं दुखणं. हायड्रिला आणि वॉलिस्नेरिया जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कर्ब घेतात, म्हणून नवख्याला मी त्याच लावायला सांगतो.

पालाशसाठी, म्हणजे पोटॅशियमसाठी, आमच्याच कपाटातलं ०:०:५० हे खत चालतं. पुडीवरचा ५० हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाचा आहे. प्रत्यक्ष पोटॅशियम साधारण ४१ टक्के. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की लिटरमागे ४ मिलिग्रॅम झालं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत ८५ लिटर मावतं, वाळू-दगड वजा जाता ७० धरा. किलोची पुडी नेणाऱ्याला मी सोनाराचा काटा घ्यायला सांगतो. एका वेळी एकच खत द्यायचं आणि दोन-तीन आठवडे फक्त नवी पानं बघायची. भोक पडलेलं पान काही भरून येत नाही, ते कापून टाकावं.

शेतीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण मात्र टाकीत नको. त्यात तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगायी त्यानं मरतात. युरिया स्वस्त म्हणून मागतात, तोही मी टाकीसाठी देत नाही. त्याचा अमोनिया होतो आणि पाणी अल्कधर्मी असलं की तो माशांना जास्त बाधतो. नत्र हवंच असेल तर १३:०:४५ आहे, त्यात पालाशही येतो.