जुन्या सागवानी गोठ्याचे स्थलांतर

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, आणि नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील गावेही कालांतराने बुडीत क्षेत्रात आली. अशा विस्थापनाच्या वेळी कुणबिकीचा सर्वांत मोलाचा स्थावर ऐवज म्हणजे सागवानी गोठा, जो सुदैवाने उकलून अन्यत्र नेता येतो, कारण त्याचा भार खिळ्यांपेक्षा लाकडात कोरलेल्या खाचांवर अधिक असतो.

प्रथम प्रत्येक खांबावर, तुळईवर व वाशावर गेरूने क्रमांक घालून त्याची कागदावर नोंद करावी, मग कवेलू, बांबू, वासे, आढे या क्रमाने वरून खाली उतरावे. खांबांची बुडे जमिनीलगत हटकून कुजलेली आढळतात. तेवढा भाग निर्दयपणे कापून टाकावा व उणीव दगडी बैठकीने भरून काढावी. खरी कसोटी आपल्या काळ्या जमिनीची आहे, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा, या बाबतीत काटकसर मला सर्वथा अमान्य आहे.

खांब उभे करताना दोन्ही कर्ण दोरीने मोजून समान असल्याची खातरजमा करावी, आणि मृगापूर्वी कवेलू फेरून घ्यावेत.